बाळाचे डोळे आणि प्राणवायूचं माप



या व्याख्यानाच्या संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "नवजात बाळाचे डोळे." पलीकडे जरा वेळ कुणी बोलेना. मग अदबीने प्रश्न आला, "मॅडम, सर्वांना लागू पडेल असं काही...?" मी म्हटलं, जन्माला न येताच थेट पेन्शनीला लागलेला एखादा श्रोता तुमच्याकडे असेल तर त्याच्यासाठी विषय बदलते. तो सापडला नसावा. विषय तोच राहिला.

आज मला दोन बाळांविषयी बोलायचं आहे. पहिलं पूर्ण दिवसांचं, तीन किलोचं. कळा लांबल्या, नाळ दाबली गेली किंवा वार वेळेआधी सुटली, आणि बाळ बाहेर आलं ते निळं, हातपाय ढिले सोडलेलं. रडलंच नाही. दुसरं बाळ तिसाव्या आठवड्यात आलेलं, सव्वा किलोचं, काचेच्या पेटीत ठेवलेलं, नाकाला नळी लावलेलं. पहिल्याला प्राणवायू कमी पडला. दुसऱ्याला पुष्कळदा तो जास्त होतो. आणि दोघांचीही दृष्टी जाऊ शकते.

हे कसं? ज्याच्या अभावाने डोळे जातात, त्याच्याच अतिरेकाने ते कसे जातील? प्राणवायू हे औषध आहे, आणि मोजून न दिलेलं औषध काय करतं हे कुठल्याही आजीला विचारा. पण आपण प्राणवायूला औषध मानतच नाही. तो द्यायचा म्हणजे पुण्यकर्म, मग ते मोजायचं कशाला?

२०२१ चा एप्रिल आठवा. करोनाच्या लाटेत घराघरात बोटाला चिमटा लावून आपण रक्तातल्या प्राणवायूचा आकडा बघत बसलो होतो. ९४ च्या खाली गेला की पोटात गोळा, १०० दिसला की हायसं. तो चिमटा तुम्हाला माहीत आहे म्हणून माझं काम सोपं झालंय. आता एवढंच लक्षात घ्या, की कमी दिवसांच्या बाळाला प्राणवायू चालू असताना त्या यंत्रावर १०० दिसला, तर सिस्टरने धावत यायला हवं. जितक्या घाईने ८० ला धावते, तितक्याच घाईने.

आधी पहिल्या बाळाकडे जाऊ.

डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, हा शरीरातला अतिशय खादाड भाग आहे. वजनाच्या मानाने त्याच्याइतका प्राणवायू वापरणारे भाग फार थोडे. रक्तातला प्राणवायू घसरला की शरीर काटकसर करतं. हृदय, मेंदूचा देठ यांना आधी पुरवठा, बाकीच्यांना मागून. गुदमरलेल्या बाळाच्या पडद्यातल्या पेशींना, विशेषतः मेंदूकडे चित्र पाठवणाऱ्या पेशींना, या टंचाईची झळ बसू शकते. पण त्याहून मोठं नुकसान बहुधा डोळ्याच्या मागे होतं. आपण बघतो ते डोळ्याने आणि डोक्याच्या मागच्या भागाने मिळून. त्या मागच्या भागाला किंवा तिथवर जाणाऱ्या तंतूंना इजा झाली, तर डोळे निरोगी असूनही मूल बघत नाही.

अशा मुलांचे आईवडील माझ्याकडे येतात ते चार-पाच डॉक्टर करून. सगळ्यांनी सांगितलेलं असतं, डोळे उत्तम आहेत. वडील विचारतात, "डोळे उत्तम आहेत तर मग पोरगं आईकडे बघत का नाही?" प्रश्न अगदी रास्त आहे. आम्ही याला मेंदूजन्य दृष्टिदोष म्हणतो. हे मूल दिव्याकडे टक लावून बसतं, स्थिर खेळण्याकडे बघत नाही, पण तेच खेळणं हलवलं की बघतं. लाल-पिवळा रंग पकडतं. सकाळी दिसलेलं दुपारी दिसत नाही असं वागतं, मग घरचे म्हणतात नाटकं करतंय. ते नाटक करत नसतं. आणि अशा मुलाला चष्म्यापेक्षा शिकवण लागते: एका वेळी एकच वस्तू, काळ्या कापडावर, कमी गोंगाटात, आणि ही शिकवण पहिल्या वर्षात सुरू व्हावी लागते. "वाट बघू, वाढेल तसं दिसेल" या सल्ल्याने मुलांची मोलाची वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत.

या बाळाचे डोळे वाचवायचे कसे? उत्तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे नाही. ते बाळंतपणाच्या खोलीत, पहिल्या साठ सेकंदांत आहे. बाळ पुसायचं, पाठ चोळायची, मान सरळ ठेवायची, आणि तरी श्वास घेत नसेल तर पिशवी-मास्कने फुप्फुसात हवा भरायची. उलटं टांगून फटके मारणं, गार पाणी शिंपडणं, हे सगळं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. काही सिनेमांत अजून चालतं.

हे काम मोठ्या रुग्णालयांतच होतं असं समजू नका. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात ३९ गावांमधल्या बायकांना घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायलाही शिकवलं: आधी तोंडाने, मग नळी-मास्कने, मग पिशवी-मास्कने. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अहवाल आला. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता. त्या अभ्यासात कुणी डोळे तपासले नव्हते. पण श्वास वेळेवर मिळाला की मेंदू वाचतो आणि मेंदू वाचला की नजर वाचते, हे समजायला वेगळा अभ्यास कशाला हवा?

आता यातली गंमत ऐका. पिशवीने भरायचं ते काय? शुद्ध प्राणवायू की साधी हवा? जगभरची पुस्तकं म्हणत होती, शंभर टक्के प्राणवायू. गुदमरलंय ना, मग द्या भरपूर! दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. सिद्धार्थ रामजी आणि नॉर्वेचे डॉ. ओला सॉगस्टाड यांनी हे तपासून पाहायचं ठरवलं. १९९३ मध्ये त्यांचा पहिला छोटा अभ्यास छापून आला, १९९८ मध्ये सहा देशांतल्या ६०९ बाळांचा मोठा. साध्या हवेने बाळं शुद्ध प्राणवायूइतकीच सावरली. उलट साध्या हवेवरची बाळं पहिलं रडू लवकर रडली. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय नियम बदलले. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवात साध्या हवेने करा, असं आता सगळीकडे शिकवतात. या खोलीत आत्ता आहे ती हवा, २१ टक्के प्राणवायूची.

कारण सोपं आहे. आईच्या पोटात बाळ कमी प्राणवायूवरच वाढतं. जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटाला निरोगी बाळाच्या बोटाला चिमटा लावला तर आकडा साठ-पासष्ट दिसतो. नव्वदीच्या आसपास जायला दहा मिनिटं लागतात. निसर्गाने दहा मिनिटं ठरवून दिली आहेत. आम्ही ती एका मिनिटात उरकायला बघत होतो!

श्वास सुरू झाल्यावर पुढे काय? श्रीमंत देशांत अशा बाळाला सहा तासांच्या आत थंड करतात, शरीराचं तापमान ३३.५ अंशांवर तीन दिवस ठेवतात. तिथे त्याने मेंदूची हानी कमी होते हे सिद्ध झालं आहे. म्हणून आपल्याकडेही यंत्रं आली. मग भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात मिळून ४०८ बाळांवर 'हेलिक्स' नावाची चाचणी झाली. मुंबईचं शीव रुग्णालय त्यात होतं. २०२१ मध्ये निकाल आला. थंड केलेल्या बाळांत मृत्यू ४२ टक्के, न केलेल्यांत ३१ टक्के. फायदा दिसला नाही, तोटा दिसला. यावर अजून वाद चालू आहे, चालू द्या. पण परदेशात उपयोगी पडलेली गोष्ट इथे तपासल्याशिवाय डोळे मिटून घेऊ नये, एवढा धडा मला पुरतो.

औषधांचं थोडक्यात सांगते. कॅनडात माँट्रिअलला सिल्डेनाफिलवर काम चालू आहे. गुदमरवलेल्या उंदरांच्या पिल्लांत त्या औषधाने पडद्याची रचना आणि काम सुधारलं. माणसांच्या बाळांत चाचण्या अगदी सुरुवातीला आहेत. उद्या कुणी हे औषध म्हणून विकायला आलं तर दारातून परत पाठवा. एक गोष्ट मात्र आजच हातात आहे: साखर. आजारी नवजात बाळाच्या रक्तातली साखर घसरली तर मेंदूचा नेमका तो मागचा, बघण्याचा भाग जळतो. टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासणं आणि पहिल्या तासात आईचं दूध, याला फार खर्च येत नाही. मध चाटवण्यात आणि "चिकाचं दूध जड असतं" म्हणून ते पिळून टाकण्यात तो तास घालवू नका.

आता दुसरं बाळ. इथे मी जास्त वेळ घेणार आहे.

१९४२ मध्ये बोस्टनला थिओडोर टेरी नावाच्या नेत्रतज्ज्ञाने एका विचित्र आजाराची नोंद केली. कमी दिवसांची बाळं जगून घरी गेली होती, आणि काही महिन्यांनी त्यांच्या बाहुलीमागे पांढरट पडदा दिसू लागला. मूल पूर्ण आंधळं. दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे दहा हजार मुलं अशी आंधळी झाली, त्यांतली सुमारे सात हजार एकट्या अमेरिकेत. १९५० मध्ये मिशिगनमध्ये सहा आठवडे आधी जन्मलेला एक मुलगा पुढे स्टीव्ही वंडर म्हणून जगाला माहीत झाला. तो यांच्यापैकीच.

चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की हा आजार गरिबांच्या साध्या दवाखान्यांत कमी होता. जितकं रुग्णालय नामांकित, जितक्या पेट्या नव्या आणि हवाबंद, तितकी आंधळी मुलं जास्त. जीवनसत्त्वांवर संशय घेतला, उजेडावर घेतला, लोहावर घेतला, आईच्या आजारांवर घेतला. कुणावर घेतला नाही? प्राणवायूवर. तो तर जीव वाचवत होता!

मेलबर्नच्या केट कॅम्पबेल या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९५१ मध्ये वेगवेगळ्या ठिकाणची बाळं शेजारी शेजारी ठेवून पाहिली, आणि प्राणवायू सढळ हाताने मिळतो तिथे आंधळेपण जास्त, असं लिहिलं. त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या गॅलिंजर रुग्णालयात अर्नल पॅट्झ नावाचा तरुण डॉक्टर काही बाळांना भरपूर आणि काहींना गरजेपुरताच प्राणवायू देऊन तुलना करत होता. सरकारी अनुदान मिळालं नाही, भावाकडून पैसे घेतले. आणि झालं काय? रात्रपाळीच्या काही परिचारिका हळूच 'कमी'वाल्या बाळांचाही प्राणवायू वाढवून ठेवायच्या. त्यांना वाटायचं, हा डॉक्टर लेकरांचा जीव घेणार. मला त्या बायकांचा राग येत नाही. आपल्यापैकी कुणीही तेच केलं असतं. मायेला माप कळत नाही, म्हणून तर यंत्रावर हद्द लावावी लागते.

अखेर १८ रुग्णालयांनी मिळून मोठी चाचणी केली आणि १९५४ मध्ये निकाल आला: दोष प्राणवायूच्या सढळ वापराचाच.

हा प्रकार घडतो कसा? पडद्याच्या रक्तवाहिन्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास डोळ्याच्या मागच्या टोकापासून निघतात आणि कडेला पोहोचायला त्यांना जवळजवळ पूर्ण नऊ महिने लागतात. धरणाचा कालवा खणत खणत टेलच्या शेतापर्यंत न्यायचा असतो, तसं हे काम. तिसाव्या आठवड्यात बाळ बाहेर आलं, तेव्हा कालवा अर्ध्या रानात. आता वरून प्राणवायूचा पूर आला. पडद्याला वाटतं, मिळतंय की, कालवा कशाला हवा? वाहिन्या आक्रसतात, वाढ थांबते. काही आठवड्यांनी बाळ सुधारतं, प्राणवायू काढला जातो, पडदा मोठा झालेला असतो आणि टेलची जमीन कोरडी. मग तिथल्या पेशी ओरडतात. त्यांच्या हाकेचं रसायन आज आपल्याला ठाऊक आहे, व्हीईजीएफ. त्या हाकेला धावून वाहिन्या येतात, पण वेड्यावाकड्या, फुटक्या, नको तिथे. त्यांचे व्रण आकसतात आणि पडदाच ओढून उचकटतात. लंडनच्या नॉर्मन अ‍ॅश्टन यांनी पन्नाशीच्या दशकातच मांजरीच्या पिल्लांत हे दोन टप्पे दाखवले होते. म्हणजे पाहा, सुरुवात अतिरेकाने आणि शेवट टंचाईने! आपली दोन बाळं इथे एकमेकांना भेटतात.

गोष्ट १९५४ ला संपली असती तर मी तुम्हाला इथे बसवलं नसतं. निकालानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. कुठल्याही बाळाला ४० टक्क्यांहून जास्त प्राणवायू देऊ नका, असा दंडक झाला. आंधळी मुलं कमी झाली. पुढे १९७३ मध्ये केनेथ क्रॉस यांनी ब्रिटनमधल्या मृत्यूंचा हिशोब मांडला आणि प्रश्न टाकला: एका बाळाचे डोळे वाचवताना सोळा बाळं गेली का? सोळा! आंधळी मुलं डोळ्यांना दिसत होती. मेलेली बाळं पहिल्याच दिवशी गेल्यामुळे कुणाच्या खिजगणतीत नव्हती.

मग मधलं माप कोणतं? २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने २४ ते २७ आठवड्यांच्या बाळांचे दोन गट केले. एकात चिमट्यावरचा आकडा ८५ ते ८९ ठेवायचा, दुसऱ्यात ९१ ते ९५. खालच्या गटात डोळ्यांचा गंभीर आजार निम्म्यावर आला, पण मृत्यू १६.२ टक्क्यांवरून १९.९ वर गेले. म्हणून आज साधारण नव्वद ते पंचाण्णव ही हद्द पाळतात. थोडे डोळे बिघडतील हे मान्य करून जीव वाचवायचा, आणि बिघडलेले डोळे वेळेत शोधून सावरायचे. हा सौदा आहे. पण सौद्याचा दुसरा हप्ता भरलाच नाही तर?

नेमकं तेच आपल्याकडे होतंय.

भारतात वर्षाला तीस लाखांच्या आसपास बाळं कमी दिवसांची जन्मतात. जिल्ह्याजिल्ह्यात एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचे खास कक्ष, झाले, बाळं जगू लागली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण कित्येक ठिकाणी सिलिंडरमधला प्राणवायू थेट नळीत जातो. हवा मिसळून त्याचं प्रमाण बेतणारं ब्लेंडर नाही, असलं तर बंद. परिणाम असा की पाश्चात्त्य देशांत या आजाराने जातात ते साधारण किलोभराच्या आतल्या बाळांचे डोळे, आणि आपल्याकडे दीड-पावणेदोन किलोच्या बाळांचेही जातात. ती बाळं अंध व्हायचं काहीही कारण नव्हतं. हे मी फार विचार करून बोलते आहे.

आपली हद्द म्हणूनच रुंद ठेवली आहे: वजन दोन किलोच्या आत किंवा जन्म चौतीस आठवड्यांच्या आधी, तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत पडद्याची तपासणी. अठ्ठावीस आठवड्यांच्या आतलं किंवा बाराशे ग्रॅमपेक्षा हलकं बाळ असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. बाहुली मोठी करायचे थेंब घालायचे आणि आत बघायचं. मिनिटांचं काम. गंभीर आजार सापडला की दोन-तीन दिवसांत लेसर किंवा डोळ्यात इंजेक्शन. वेळेत झालं तर बहुतेक डोळे वाचतात. पडदा पूर्ण सुटल्यावर आणलं, तर शस्त्रक्रिया करूनही हाताला फारसं लागत नाही.

कायदा काय म्हणतो? चेन्नईच्या एका सरकारी रुग्णालयात १९९६ मध्ये एकोणतिसाव्या आठवड्यात, साडेबाराशे ग्रॅमची मुलगी जन्मली. पडदा कुणी तपासला नाही, आईवडिलांना कुणी सांगितलं नाही, आणि तिची दृष्टी गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सुमारे एक कोटी ऐंशी लाख रुपये भरपाई दिली. जन्मापासून निकालापर्यंत एकोणीस वर्षं. योजनाही आहे: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरलाच सुरू झाला, आणि हा आजार त्याच्या यादीत आहे. शेजारच्या कर्नाटकात २००८ पासून तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन तालुक्यातालुक्यात जातात, बाळाच्या पडद्याचे फोटो काढतात, बंगळुरूचे डॉक्टर ते बघतात. ज्ञान आहे, यंत्र आहे, योजना आहे, न्यायालयाचा निकाल आहे. अडतं कुठे?

अडतं घराच्या उंबऱ्यावर. बाळ तीन आठवड्यांनी घरी जातं. घर म्हणजे आईचं माहेर. रुग्णालयाच्या कागदावर पत्ता सासरचा, फोन नवऱ्याचा, आणि नवरा कामाला दुसऱ्या गावी. तपासणीची तारीख डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी, इंग्रजीत. आणि घरात सव्वा महिना पाळायचा असतो. "सव्वा महिन्याच्या आत बाळ-बाळंतीण बाहेर काढायची नाही." तीस दिवस सव्वा महिन्याच्या आत संपतात हो! मी परंपरेची टवाळी करत नाही. जंतुसंसर्गापासून जपणारी ती शहाणी रीत आहे. पण लसीसाठी आपण ती मोडतोच ना? मग डोळ्यांसाठी का नाही? दुसरी अडचण आमची, डॉक्टरांची. बालरोगतज्ज्ञ म्हणतो नेत्रतज्ज्ञाने बघायचं, नेत्रतज्ज्ञ म्हणतो माझ्याकडे पाठवलं तर बघीन. मी दोघांनाही दोषी धरते, पण पाठवणाऱ्याला जास्त. बाळ त्याच्या हातात असतं.

आणि प्रतिबंधाचं श्रेय ज्यांना मिळत नाही, त्यांचंही नाव घेते. बाळाला छातीशी बांधून ठेवणारी आई, हात धुणारी सिस्टर, आणि आईचं दूध. आईच्या दुधावर वाढलेल्या कमी दिवसांच्या बाळांत हा आजार गंभीर होण्याचं प्रमाण कमी दिसतं. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईत शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. तेव्हा डोळ्यांचा विचार कुणाच्या मनात नसेल, पण आज तीही डोळ्यांच्याच कामी येते.

या सभागृहात आजी-आजोबा बरेच दिसतात, म्हणून मागणं तुमच्याकडेच. कुटुंबात, गल्लीत, कामवाल्या ताईंच्या घरी, कुठेही "सातव्या महिन्यातलं झालं", "पेटीत ठेवलंय" असं कानावर आलं, की दोन प्रश्न विचारा. बाळाला प्राणवायू चालू आहे, तर यंत्राची वरची हद्द लावली आहे का? आणि पडद्याची तपासणी कोणत्या तारखेला आहे? तारीख मिळाली नाही तर डॉक्टरांकडून लिहून घ्या, मराठीत, माहेरच्या फोन नंबरासकट. "सव्वा महिना होऊ दे" असं घरात कुणी म्हणालं, तर तुमच्या वयाचा मान वापरा आणि बाळाला रिक्षात बसवा. तारीख तीस दिवसांच्या आतली हवी.